आगीच्या बंबाचे उत्तरायुष्य

(द्वितीय वर्ष, कला)

नोकरदार माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, चार माणसे दोन शब्द बोलतात. यंत्राच्या नशिबी यांतले काही नसते. ते एक तर मोडीत निघते, नाही तर दुसऱ्याच्या दारी जाऊन पुन्हा राबू लागते. मोठ्या शहरांतील आगीचे बंब सेवेतून काढल्यावर त्यांचे पुढे काय होते, हे या लेखात पाहावयाचे आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु एका शहराने टाकलेला बंब दुसऱ्या गावाचे घरदार वाचवू शकतो की नाही, हा प्रश्न त्यात दडलेला आहे आणि त्याचा आपल्या खेड्यापाड्यांशीही संबंध आहे.

माझे वडील तालुक्याच्या गावी मोटार गॅरेजात मिस्त्री आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकांच्या आधी माझी ओळख पान्यांशी आणि गिअरबॉक्सशी झाली. जुनी गाडी सर्वस्वी निरुपयोगी नसते, हे मी लहानपणापासून पाहत आलो. तरी तिच्यावर कोणत्या कामासाठी विसंबावे आणि कोणत्या कामासाठी विसंबू नये, याचा एक हिशेब असतो. बंबाच्या बाबतीत हा हिशेब फार कडक आहे.

'बंब' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. न्हाणीघरातील पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि घंटा वाजवीत आगीवर धावणारा बंब, या दोघांना आपण एकच नाव दिले. आगीच्या गाडीला ते नाव चपखल बसते, कारण तिचा जीव चाकांपेक्षा पंपात अधिक असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचन समजण्यास सोपे जाईल.

बंब म्हातारा कसा होतो?

उदाहरणादाखल आपण न्यूयॉर्क शहर घेऊ. तेथे पगारी अग्निशामक दलाची स्थापना १८६५ साली झाली. आज त्या दलात पाण्याचे बंब चालविणाऱ्या जवळजवळ २०० तुकड्या आणि शिडीच्या गाड्या चालविणाऱ्या १४३ तुकड्या आहेत. प्रत्येक तुकडीला क्रमांक असतो आणि तोच क्रमांक गाडीवर मोठ्या अक्षरात रंगविलेला असतो. अशा शहरात पहिल्या फळीतील बंबाचे सेवाकाल साधारणतः १० ते १२ वर्षांचा असतो. आपल्याकडे मालट्रक याच्या दुप्पट काळ रस्त्यावर दिसतो. मग इतका महागडा बंब एवढ्या लवकर का काढावा?

याचे उत्तर बंबाच्या कामाच्या पद्धतीत आहे. ट्रक धावताना झिजतो, तर बंबाचे खरे काम गाडी थांबल्यावर सुरू होते. आगीच्या ठिकाणी गाडी उभी राहते आणि तिचेच इंजिन तासन्‌तास पंप फिरवीत राहते. म्हणून किलोमीटरचा आकडा पाहून बंबाचे वय कळत नाही. इंजिन किती तास चालले हे पाहावे लागते. शिवाय इतर गाड्यांना इंजिन गरम होईपर्यंत सवड मिळते, तशी बंबाला मिळत नाही. घंटा झाली की थंड इंजिनावर पूर्ण जोर द्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या बंबाच्या टाकीत ५०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर पाणी सदैव भरलेले असते. गाडी ठाण्यात उभी असली तरी पाट्यांवर जवळजवळ दोन टनांचे ओझे रात्रंदिवस असतेच. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने चॅसी खालून गंजते.

अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना या विषयीची मानके ठरविते. ही संघटना १८९६ साली स्थापन झाली. तिच्या मानकानुसार पंपाची दर वर्षी परीक्षा घ्यावी लागते. आपल्यासारखीच वार्षिक परीक्षा म्हणा! पंप प्रथम २० मिनिटे पूर्ण क्षमतेने, दर चौरस इंचास १५० पौंड दाबावर चालवून पाहतात. त्यानंतरच्या टप्प्यांत २०० पौंड दाबावर क्षमतेच्या ७० टक्के आणि २५० पौंड दाबावर ५० टक्के पाणी तो देतो की नाही, हे तपासतात. याच संघटनेने अशी शिफारस केली की १५ वर्षांहून जुनी गाडी सुस्थितीत असली तरी तिला राखीव दर्जा द्यावा आणि २५ वर्षांहून जुनी गाडी बदलून टाकावी.

यंत्र बिघडले नसतानाही बंब निवृत्त होण्याचे आणखी एक कारण आहे. पूर्वी जवान गाडीच्या मागील पायरीवर दांडा धरून उभे राहत आणि तसेच आगीवर जात. त्यात अनेक जण पडून दगावले. १९९१ च्या मानकाने सर्व जवानांना बंदिस्त केबिनमध्ये बसण्याची जागा असावी, असे ठरविले. तेव्हा उघड्या केबिनचे चांगले चालणारे बंबही कालबाह्य झाले. त्यांचे लोखंड शाबूत होते, परंतु माणसाच्या जिवाचे मोल आता अधिक ठरले होते.

हे सर्व मी घरी वाचून दाखविले तेव्हा वडील म्हणाले, "गाडी सुरू होतीय यात काय मोठं? रात्री दोन वाजता, थंडीत, पहिल्या सेल्फला सुरू होतीय का ते सांग." माझ्या मते बंबाच्या निवृत्तीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे.

पायरी पायरीने खाली

पहिल्या फळीतून काढलेला बंब लगेच विकला जात नाही. प्रथम तो राखीव गाडी म्हणून ठेवतात. एखाद्या तुकडीची नवी गाडी कारखान्यात दुरुस्तीला गेली की ही जुनी गाडी तिची जागा घेते. त्यापुढची पायरी म्हणजे प्रशिक्षण. नव्या जवानांना नळी जोडणे, पंप चालविणे, शिडी लावणे हे शिकविण्यासाठी जुनी गाडी उत्तम. तिला चार ओरखडे पडले तरी कोणी रागावत नाही.

शेवटी गाडी जाहीर लिलावात निघते. लिलावात बोली लावणारे अनेक प्रकारचे असतात. सर्वांत महत्त्वाचे गिऱ्हाईक म्हणजे लहान गावे. अमेरिकेतील अग्निशामकांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वयंसेवक आहेत. शेतकरी, दुकानदार, शिक्षक असे लोक आपला व्यवसाय सांभाळून हे काम करतात. आज तेथे नव्या बंबाची किंमत दहा लाख डॉलरच्या घरात गेली आहे. लहान गावाला ती परवडत नाही, म्हणून ते शहराचा जुना बंब घेते. शहरात ज्या गाडीला दिवसातून अनेक वेळा धावावे लागे, तिला गावात आठवड्यातून एखाद्या वेळीच बाहेर पडावे लागते. त्यामुळे तिची आणखी काही वर्षे सुखात जातात.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे हौशी संग्राहक आणि संग्रहालये. न्यूयॉर्कमध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर १९०४ साली बांधलेल्या एका जुन्या अग्निशामक ठाण्यातच शहराचे अग्निशामक संग्रहालय उभे राहिले. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरातही 'हॉल ऑफ फ्लेम' नावाचे मोठे संग्रहालय आहे. काही गाड्या चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी भाड्याने दिल्या जातात. काहींचे सुटे भाग काढून घेतात. उरलेल्या मोडीत जाऊन त्यांचे पोलाद पुन्हा भट्टीत वितळते. जिने जन्मभर आग विझविली तिचा शेवटही आगीतच व्हावा, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा!

तीन प्रसिद्ध निवृत्त

न्यूयॉर्कच्या तीन निवृत्तांची हकिगत येथे थोडक्यात देतो.

पहिला म्हणजे 'सुपर पंपर'. विल्यम फ्रान्सिस गिब्ज या नामांकित जहाजरचनाकाराच्या कल्पनेतून १९६५ साली मॅक कंपनीने हा अजस्र बंब बांधला. रेल्वेच्या इंजिनात वापरले जाणारे 'नेपियर डेल्टिक' इंजिन त्यात बसविले होते. तो मिनिटाला ८,८०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३३,००० लिटर पाणी फेकू शकत असे. १९८२ मध्ये तो सेवेतून काढण्यात आला आणि पुढे संग्राहकांच्या हाती गेला. एवढी शक्ती असलेला बंब कोणत्याही लहान गावाला मात्र उपयोगी पडला नसता. त्याला पुरेल इतके पाणी गावाकडे कोठून असणार?

दुसरी म्हणजे 'लॅडर ३' या तुकडीची शिडीची गाडी. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्रावर हल्ला झाला तेव्हा या तुकडीचे ११ जवान या कामगिरीवर गेले आणि एकही परत आला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या दलाने एकूण ३४३ माणसे गमावली. चेचलेली ती गाडी मोडीत न काढता जपून ठेवली गेली आणि २०१४ साली उघडलेल्या स्मारक संग्रहालयात ती आता पाहावयास मिळते. हिचे उत्तरायुष्य म्हणजे स्मृती.

तिसरी हकिगत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती रस्त्यावरील गाडीची नसून 'जॉन जे. हार्वे' नावाच्या आगबोटीची आहे. आगबोट म्हणजे येथे आग विझविणारी बोट. ही बोट १९३१ साली पाण्यात उतरली. १९९० च्या दशकात ती निवृत्त झाली आणि १९९९ मध्ये लिलावात निघाली. मोडीत जाण्याच्या बेतात असताना काही हौशी मंडळींनी ती विकत घेतली. त्यांनी नुसता रंग देऊन ती किनाऱ्याला शोभेसाठी बांधली नाही. तिची इंजिने आणि पंप दुरुस्त करून चालू ठेवले. पुढे ११ सप्टेंबरला इमारती कोसळल्या, जमिनीखालील जलवाहिन्या फुटल्या आणि रस्त्यावरचे हायड्रंट कोरडे पडले. तेव्हा या बोटीला, तिच्या पंपातून अजून पाणी निघते का, अशी विचारणा झाली. निघत होते. मग तिने दलातील इतर बोटींच्या बरोबरीने हडसन नदीचे पाणी उपसून तीन दिवसांहून अधिक काळ जवानांना पुरविले. एकेकाळी नोकरीत असताना ती चालविणारा निवृत्त चालकही त्या कामात होता. बोट, पंप आणि तो चालविणारा माणूस, हे तिन्ही टिकून राहिले म्हणून ही गोष्ट घडली.

बाल्टिमोरचा धडा

मोठ्या शहरांचे जुने बंब समुद्रापारही जातात. फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथे चिनी वंशाच्या नागरिकांनी चालविलेली स्वयंसेवी दले आहेत. ती अमेरिकेतून जुने बंब आणून वापरतात. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात तर अग्निशामक दल सर्वस्वी स्वयंसेवकांचे आहे. तेथील पहिले दल १८५१ साली वालपराइसो बंदरात निघाले. सान्तियागो शहरात ८ डिसेंबर १८६३ रोजी एका चर्चला आग लागून सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर त्याच महिन्यात तेथील दल स्थापन झाले. या स्वयंसेवकांना 'बोंबेरो' म्हणतात. आपल्या 'बंब' शब्दाचेच हे दूरचे भाऊबंद! युरोप-अमेरिकेतील जुन्या गाड्या त्यांच्याकडेही कामावर आहेत.

परंतु बंब नेऊन उभा केला म्हणजे काम भागते असे नाही. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहरात प्रचंड आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून मदतीसाठी बंब धावले. बंब उत्तम होते, जवान अनुभवी होते. मात्र अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात. पाणी समोर असूनही नळीत येईना. त्या आगीत १,५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. या घटनेनंतर अमेरिकेत नळीच्या आट्यांचे राष्ट्रीय मानक ठरले. तरीही न्यूयॉर्क शहराने स्वतःचे वेगळे आटे सोडले नाहीत. तेव्हा न्यूयॉर्कचा बंब घेणाऱ्या गावाला प्रथम त्याची जोडणी बदलून घ्यावी लागते. आपल्याकडे ६३ मिलिमीटरचे, दाबून बसवावयाचे कपलिंग वापरतात. त्याला आटे नसतातच.

म्हणून फुकट मिळालेला बंबही पुष्कळदा महाग पडतो. सुटे भाग मिळत नाहीत, माहितीपुस्तिका परक्या भाषेत असते, शिकविणारा कोणी येत नाही. अशी गाडी काही महिन्यांत अंगणातले खेळणे होऊन बसते. देणारा दानाचे समाधान मिळवितो आणि घेणाऱ्याच्या गळ्यात लोढणे पडते.

याच्या उलट एक उदाहरण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६५ च्या फेब्रुवारीत दक्षिणेतील कोलंबिया शहर जळाले. युद्धात न्यूयॉर्क हे शत्रुपक्षाचे शहर होते. तरी तेथील अग्निशामकांनी वर्गणी काढली आणि १८६७ साली कोलंबियाला नळ्या वाहून नेणारी गाडी पाठविली. पहिली गाडी जहाजासह समुद्रात बुडाली, तेव्हा त्यांनी दुसरी पाठविली. न्यूयॉर्कवर कधी संकट आलेच तर या उपकाराची फेड करू, असे वचन कोलंबियातील एका माजी सेनाधिकाऱ्याने दिले. २००१ साली तेथील एका शाळेतील मुलांना हा इतिहास समजला. त्यांनी पैसे गोळा करून ब्रुकलिनच्या 'लॅडर १०१' या ७ जवान गमावलेल्या तुकडीसाठी नवी गाडी घेऊन दिली. १३४ वर्षांनंतरही स्मरणात राहिली ती कामास येणारी वस्तू होती. घरातील अडगळ दुसऱ्याकडे पाठविली असती तर तिची अशी आठवण कोणी ठेवली नसती.

आपल्याकडे काय?

आता आपल्याकडे वळू. मुंबईत अग्निशामक दल चालविण्याची जबाबदारी १८८८ च्या कायद्याने महापालिकेवर आली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि त्यात दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. शहरांची ही परंपरा अभिमानास्पद आहे. खेड्यांचे काय?

राज्यशास्त्राच्या अभ्यासात मला एक गोष्ट आढळली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची जोडली. तीत नगरपालिकांच्या कामांमध्ये 'अग्निशमन सेवा' स्पष्ट लिहिलेली आहे. त्याच वेळी ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तीत २९ विषय आहेत, पण अग्निशमन नाही. म्हणजे आग शहरात लागली तर ती विझविणे कोणाचे काम, हे घटनेच्या अनुसूचीत सापडते. कडब्याची गंज पेटली तर ते कोणाचे काम, हे तेथे सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळच्या वस्तीवर अशीच एक गंज पेटली. बंब तालुक्याहून यावयाचा होता. तो येईपर्यंत लोकांनी ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर आणि पाठीवरचे फवारणीचे पंप घेऊन झुंज दिली. टँकरमध्ये पाणी भरपूर होते, पण ते जोराने फेकण्याचे साधन नव्हते. बादल्या भरून ओतावे लागले. गंज गेली, गोठा गेला, दोन म्हशी भाजल्या. त्या घरातील मुलीचे पुढचे शिक्षण त्या वर्षी थांबले. कुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पाणी होते, माणसे होती, आणि तरी पंप नव्हता, एवढेच सांगावयाचे आहे.

आपल्याकडचे जुने बंब अशा गावांकडे का येत नाहीत? पूर्वी निर्लेखन झालेली सरकारी गाडी, ज्याला गॅरेजात सगळे 'कंडम' म्हणतात, ती लिलावात कोणीही घेत असे. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्या नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावयाच्या असतात. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या विशेष गाड्या तीत वगळल्या आहेत, पण आगीच्या बंबांचा वेगळा उल्लेख नाही. धूर आणि अपघात यांचा विचार करता या नियमामागे कारण आहे, आणि जीर्ण बंब गावाच्या माथी मारावा असे मीही म्हणणार नाही. बाल्टिमोरचा धडा त्याविरुद्धच आहे.

परंतु अमेरिकेतील लहान गावांच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांना जुना बंब उपयोगी पडतो, कारण तो येण्यापूर्वीच तेथे शिकलेली माणसे तयार असतात. आपल्याकडे आधी ही माणसे हवीत. बंबाची चारचाकी गाडी कायद्याने मोडीत जावयाची असेल तर जावो. तिच्यावरील चांगल्या नळ्या, कपलिंग, तोट्या आणि शिड्या तपासून, दाब देऊन पाहून, गावांना देता येणार नाहीत का? ट्रॅक्टरच्या टँकरला एक लहानसा पंप आणि दोन नळ्या जोडल्या तर बंब येईपर्यंतची पहिली पंधरा मिनिटे तरी हाती राहतील. असा पंप चालू स्थितीत ठेवण्याइतके मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहेत. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "पंप आणून दे, महिन्यातून एकदा चालवून बघायचं काम माझं."

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या खेड्यात भरते. तेथे आपण रस्ते साफ करतो, झाडे लावतो. येत्या शिबिरात एक दिवस तालुक्याच्या अग्निशामक जवानांना बोलावून गावातील तरुणांना नळी जोडणे आणि तोटी धरणे शिकवावे, अशी माझी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. त्या दिवशी टँकर आणि ट्रॅक्टर आणण्याची जबाबदारी मी घेतो.